साउथॉल

साउथॉल : पश्चिम लंडनमधील ईलिंग बरोत (लंडनचा एक प्रशासकीय विभाग) मोडणारे उपनगर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये गेलेल्या पंजाबी लोकांची ही सर्वांत नावाजलेली वस्ती.

युद्धानंतर ब्रिटनला कामगारांची चणचण होती आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातील लोकांना तेथे राहून काम करता येत असे. फाळणीने होरपळलेल्या पंजाबातील, विशेषतः जालंधर व होशियारपूर जिल्ह्यांतील तरुण या संधीवर निघाले. या भागातील वूल्फ रबर कारखान्यातील उग्र वासाचे, रात्रपाळीचे काम करायला गोरे कामगार फारसे तयार नसत. ते या तरुणांच्या वाट्याला आले. पुढे हीथ्रो विमानतळानेही अनेकांना रोजगार दिला. १९६२ च्या कायद्याने प्रवेशावर बंधने आणली. पण त्याचा परिणाम उलटाच झाला. परतीची वाट बंद होईल या धास्तीने एकट्या राहणाऱ्या पुरुषांनी बायकामुले बोलावून घेतली आणि वस्ती कायमची झाली.

मुले आली तसा शाळांचा प्रश्न पेटला. १९६३ मध्ये गोऱ्या पालकांच्या तक्रारींनंतर शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल साउथॉलला आले. स्थलांतरितांची मुले कोणत्याही शाळेत एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, असे धोरण त्यातून पुढे आले. मग लहान मुलांना रोज सकाळी बसमध्ये बसवून दूरच्या शाळांत धाडले जाऊ लागले. इंग्रजी शिकवण्यासाठी हे चालले आहे, असे कारण दिले जाई. पण उत्तम इंग्रजी बोलणारी मुलेही त्यातून सुटत नसत आणि गोऱ्या मुलांना साउथॉलच्या शाळांत कोणी पाठवत नसे. बस चुकू नये म्हणून शाळा सुटल्यानंतरचे खेळ बुडत, पालकांनाही एवढ्या लांबच्या शाळेत जाणे जमत नसे. हा भेदभावच होता, आणि तो ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला.

४ जून १९७६ रोजी गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा भररस्त्यात खून झाला. वडीलधाऱ्यांच्या अर्ज-विनंत्यांना कंटाळलेल्या तरुणांनी 'साउथॉल यूथ मूव्हमेंट' उभी केली. २३ एप्रिल १९७९ रोजी वंशद्वेष्ट्या 'नॅशनल फ्रंट'ला नगरभवनात सभा घेऊ देण्यात आली, तेव्हा हजारो लोक विरोधासाठी जमले. पोलिसांच्या कारवाईत न्यूझीलंडहून आलेले शिक्षक ब्लेअर पीच डोक्यावर घाव बसून मरण पावले. हा घाव बहुधा पोलिसाचाच होता, असे सांगणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल २०१० पर्यंत दडवून ठेवला गेला. साउथॉलमधील एका प्राथमिक शाळेला आज पीच यांचे नाव आहे.

१९७९ मध्येच आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना काढली. वंशद्वेषाइतकाच घरातल्या मारहाणीविरुद्धही तिने आवाज उठवला. समाजाची बदनामी होते म्हणून गप्प राहा, हा सल्ला तिने मानला नाही. वर्षानुवर्षे छळ सोसून पतीची हत्या केलेल्या किरणजीत अहलुवालिया यांच्यासाठी तिने मोहीम चालवली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची खुनाची शिक्षा रद्द केली, आणि छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीकडे ब्रिटिश न्यायालये अधिक गांभीर्याने पाहू लागली.