नीमन-पिक विकार : फुप्फुसांतील उपद्रव व उपचार

नीमन-पिक हा स्फिंगोमायलिन नावाचा मेद पेशींत साचत जाण्याचा दुर्मीळ आनुवंशिक विकार. जर्मन बालरोगतज्ज्ञ आल्बर्ट नीमन यांनी १९१४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. लुडविग पिक यांनी १९२०च्या दशकात त्याचे वेगळेपण दाखविले. नावाचा घोळ मात्र पुढे झाला. १९६१ मध्ये क्रोकर यांनी केलेले अ, ब, क, ड असे प्रकार लक्षणांवर बेतलेले होते. १९६६ मध्ये ब्रेडी व सहकाऱ्यांनी स्फिंगोमायलिनेज या एंझाइमाची उणीव दाखविली. ती अ व ब प्रकारांपुरतीच खरी ठरली. क प्रकारात मूळ दोष कोलेस्टेरॉलच्या पेशीअंतर्गत वहनाचा असतो. म्हणून पहिल्या दोहोंना ‘आम्ल स्फिंगोमायलिनेज न्यूनता’ म्हणणे अधिक योग्य. पुढील विवेचन मुख्यतः ब प्रकाराचे आहे.

मेदाने फुगलेल्या फेसाळ पेशी वायुकोशांत व त्यांमधील ऊतकात साठतात. वायूंची देवाणघेवाण मंदावून चढावर दम लागतो. उपचार म्हणून केल्या जाणाऱ्या फुप्फुस-प्रक्षालनात भूल देऊन एका फुप्फुसावर श्वसन चालू ठेवतात व दुसरे सलाइनने धुतात. ही पद्धत वायुकोशीय प्रथिनसंचय या दुसऱ्या फुप्फुसविकारावरून उसनी घेतलेली आहे. तेथे साचलेला पदार्थ वायुकोशाच्या पोकळीत मोकळा असतो. येथे बराचसा मेद पेशींत व ऊतकात अडकलेला असतो, तो धुऊन कसा निघणार? एकेका रुग्णाच्या नोंदींत यश-अपयश दोन्ही आढळते.

ओलिपुडेज आल्फा हे उणीव असलेल्या एंझाइमाच्या जागी द्यायचे औषध २०२२ मध्ये जपान, युरोप व अमेरिकेत मान्य झाले. ३६ प्रौढांच्या चाचणीत वर्षभराने फुप्फुसांची वायुविसरणक्षमता (वायू रक्तात जाऊ देण्याची क्षमता) सरासरी सुमारे २२ टक्क्यांनी सुधारली, तर औषधाविना सुमारे ३ टक्क्यांनी. मेदाचा साठा एकदम फुटून त्यातून निघणारे सेरामाइड रक्तात उतरू नये म्हणून मात्रा हळूहळू वाढवीत दर किग्रॅ. वजनामागे ३ मिग्रॅ.पर्यंत नेतात, सलाइनद्वारे दर दोन आठवड्यांनी देतात. या औषधाचा मेंदूतील विकारावर परिणाम होत नाही.

या विकारात पानथरीही वाढते; पण गडचिरोली-चंद्रपूरकडे ती वाढलेली दिसली की आधी हिवताप, मग सिकलसेल आठवतो, आणि ते रास्तच आहे. दम लागल्यास क्षयासाठी थुंकी तपासतात. एंझाइमाच्या तपासणीसाठी फिल्टर कागदावरील रक्ताचा वाळलेला ठिपका टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. मात्र वैशाखात पाकीट उन्हात पडून राहिल्यास एंझाइमाची क्रिया घटते व निरोगी मूलही रुग्ण ठरू शकते. जनुकचाचणीने खात्री करावी. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला धोका २५ टक्के असतो. मामेबहिणीशी लग्नाच्या प्रथेमुळे असा योग अधिक संभवतो. पानथरी काढल्यावर फुप्फुसे बिघडल्याच्या नोंदी असल्याने ती शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात. न्यूमोकॉकस व इन्फ्ल्यूएंझाची लस, गरजेनुसार ऑक्सिजन आणि चुलीच्या धुरापासून दूर राहणे, एवढे गावातही साधते.