माहीत असूनही हात खालीच जातो

“बसून काऊन राहिला बे? उभा राय ना!”

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गेमिंग कॅफेत हे वाक्य इतक्यांदा कानावर आलं की शेवटी मी उठून त्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. मे महिना, बाहेर संध्याकाळीही झळा, आणि कूलरसमोरची खुर्ची पकडून बसलेला इंजिनिअरिंगचा एक पोरगा. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये (फायटिंग गेममध्ये) इथे त्याला कोणी हरवत नाही, असं शेजारच्याने सांगितलं. त्या दिवशी तो टेकन ८ हा दुसरा फायटिंग गेम खेळत होता आणि एक शाळकरी मुलगा त्याला धुऊन काढत होता. “माहीत हाये बे मले,” असं तो दर वेळी वैतागून म्हणायचा, आणि पुढच्याच क्षणाला त्याचा पडद्यावरचा पैलवान पुन्हा खाली बसायचा. बसला की पोटात लाथ, लाथेसरशी हवेत, आणि खाली येईपर्यंत अर्धी ताकद साफ.

भोवतालच्या मंडळींनी निदान करून टाकलं होतं. कोणी म्हणालं याचे रिफ्लेक्स स्लो आहेत, कोणी म्हणालं बोटांना जुन्या गेमची सवय लागली आहे. पहिलं तर उघडच चूक, कारण तोच पोरगा जुन्या गेममध्ये विजेसारखा खेळतो. दुसरं अर्धं बरोबर आहे, पण सवय बोटांत नसते. माझं कुतूहल वेगळंच होतं. योग्य उत्तर माहीत आहे, ते तोंडाने बोलूनही दाखवता येतं, तरी हात चुकीचंच करतो. हे घडतं कसं?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल, पण २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांसाठी ई-स्पोर्ट्सची जी यादी जाहीर झाली, तिच्यात स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि किंग ऑफ फायटर्स १५ हे तीन गेम एकाच स्पर्धाप्रकारात घातले आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊला फायटिंग गेम म्हणून स्ट्रीट फायटर ५ एकटाच होता आणि भारताकडून मयांक प्रजापती व अयान बिस्वास तो खेळले होते. एका गेममधली उस्तादी दुसऱ्या गेममध्ये किती उपयोगी पडते, हा आता पदकाच्या हिशेबातला प्रश्न झाला आहे.

आधी ‘बसण्या’चं प्रकरण समजून घेऊ. दोन्ही गेममध्ये प्रतिस्पर्ध्यापासून दूर, म्हणजे मागे, जॉयस्टिकची दांडी धरली की वार अडतो. मागे आणि खाली अशी कोपऱ्यात धरली की बसून अडतो. हालचाल तीच, अंगठा त्याच कोपऱ्यात. फरक नियमांत आहे. स्ट्रीट फायटरमध्ये पायाशी येणारे वार बसूनच अडवावे लागतात आणि जमिनीवरचे बाकीचे बहुतेक वार बसूनही अडतात. उभं राहावं लागतं ते उडी मारून येणाऱ्या वारासाठी आणि डोक्यावरून उतरणाऱ्या काही मोजक्या वारांसाठी, आणि ते येताना दिसतात. म्हणून तिथला शहाणा खेळाडू बसून राहतो आणि गरज दिसली की उठतो. टेकनमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे मधल्या उंचीचे म्हणजे ‘मिड’ वार बसलेल्याला थेट लागतात. त्यातले कित्येक इतके जलद असतात की दिसेपर्यंत लागलेले असतात, आणि काही तर बसलेल्याला हवेतच उडवतात. खालचे जलद वार किरकोळ नुकसान करतात. जोरदार असतात ते बहुधा सावकाश येतात. म्हणून टेकनवाला उभा राहतो आणि गरज दिसली की बसतो.

जुन्या बुलेटवर शिकलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. अशा माणसाला नवी मोटरसायकल द्या, रिकाम्या रस्त्यावर तो ती व्यवस्थित चालवतो. व्हरायटी चौकात अचानक गाय आडवी आली की मात्र डावा पाय जोरात खाली जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलतो. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि गाय दिसली तेव्हाही माहीतच होतं. बदलली ती फक्त हाताशी असलेली वेळ.

आणि इथेच या लेखाचं खरं कारण येतं. २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात हार्डविक, फॉरेन्स, क्राकाउअर आणि हेथ यांचा एक शोधनिबंध आला. प्रयोग दिसायला अगदी साधा होता. पडद्यावर एक चिन्ह येतं, प्रत्येक चिन्हासाठी एक ठरावीक कळ दाबायची. काही जणांनी याचा चार दिवस भरपूर सराव केला. मग नियम बदलले आणि दोन चिन्हांच्या कळांची अदलाबदल केली. सावकाश उत्तर द्यायची मुभा होती तोवर लोक नव्या नियमाने बरोबर कळ दाबत होते. नुसतं एवढंच मोजलं असतं तर म्हणावं लागलं असतं की सवय वगैरे काही नाही, माणूस बदललेला नियम लगेच उचलतो.

पण संशोधकांनी वेळेवर ताबा ठेवला. चार टोले ठरावीक तालात वाजतात, आणि चौथ्या टोल्याला कळ दाबायचीच, उत्तर सुचो वा न सुचो. चिन्ह मात्र कधी चौथ्या टोल्याच्या बरंच आधी दिसतं, कधी अगदी ऐन वेळी. त्यामुळे विचाराला मिळणारा वेळ मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो. फारच कमी वेळ दिला तर लोक अंदाजाने कुठलीही कळ दाबत. भरपूर दिला तर बरोबर. आणि मधल्या पट्ट्यात, साधारण ३०० ते ६०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, जुनी कळ दाबली जाई. ही चूक अंदाजपंचे नव्हती. नेमकी जुन्या नियमाने बरोबर असलेली कळ दाबली जात होती. ज्यांचा जुना सराव थोडाच होता, त्यांच्यात हा प्रकार दिसला नाही.

माझ्या वाचनातल्या सुंदर प्रयोगांपैकी हा एक. यातून निघणारं चित्र असं: चिन्ह दिसताच मेंदूत दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. सवयीचं उत्तर लवकर तयार होतं, विचारातून येणारं उत्तर थोड्या वेळाने तयार होतं आणि आधीच्याला बाजूला सारतं. वेळ मिळाला तर सवयीचं उत्तर तयार होऊनही बाहेर पडत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला ते कळतही नाही. मधल्या पट्ट्यात हात हलवावा लागला, तर तयार असतं ते एकटं जुनंच.

आता हा पट्टा गेमच्या भाषेत मांडू. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांच्या, तालावर चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ३०० मिलिसेकंद म्हणजे १८ फ्रेम, ६०० म्हणजे ३६. दिसलेल्या गोष्टीला साधा ठरलेला प्रतिसाद द्यायला माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. पर्याय जास्त असले की आणखी. टेकनमधला साधा ठोसा १० फ्रेममध्ये पोहोचतो, स्ट्रीट फायटर ६ मधले हलके ठोसे तर चारच फ्रेममध्ये. हे पाहून अडवणं कोणालाही शक्य नाही. तिथे दांडी आधीपासून कुठे धरली आहे यावर सगळं ठरतं. याउलट स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा वार २६ फ्रेमचा आहे आणि टेकनमधले जोरदार खालचे वार बरेचदा विशीच्या घरातले. जो वार पाहून अडवता येतो, पण अडवताना चूकही होऊ शकते, तो १८ ते ३६ फ्रेमच्या पट्ट्यातच बसणार, नाहीतर त्यात मजा उरणार नाही. फायटिंग गेमचा पाहून खेळायचा सगळा भाग असा बरोब्बर सवयीच्या राज्यात येतो. कॅफेतल्या त्या पोराचं “माहीत हाये” शंभर टक्के खरं होतं. ते काही फ्रेम उशिरा पोहोचत होतं, एवढंच.

सवय राहते कुठे? मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे केंद्रकांचे पुंजके आहेत. त्यांच्या स्ट्रायटम या भागाला मेंदूच्या बाह्यकातून (कॉर्टेक्समधून) ‘आत्ता काय दिसतंय, काय चाललंय’ याच्या वार्ता येतात. गंमत अशी की बेसल गँग्लियातून बाहेर जाणारे संदेश एरवी सतत मनाईचे असतात: थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या भागातल्या पेशी दाबून धरलेल्या असतात. स्ट्रायटममधल्या ठरावीक पेशी उत्तेजित झाल्या की त्या मनाई करणाऱ्या पेशींनाच गप्प करतात, म्हणजे मनाईला मनाई होते आणि एक विशिष्ट हालचाल सुटते. याला थेट मार्ग म्हणतात. दुसरा, अप्रत्यक्ष मार्ग उलट मनाई वाढवतो. कोणती परिस्थिती कोणत्या हालचालीवरची मनाई उठवणार, हे चेतापेशींच्या जोडण्यांच्या जोरावर ठरतं, आणि तो जोर डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी-जास्त करतं. स्ट्रायटमच्या वरच्या, बाहेरच्या बाजूचा संबंध सवयीशी, तर त्याच्या आतल्या बाजूचा संबंध हेतू ठेवून केलेल्या कृतीशी, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

हे डोपामिन पाठवणाऱ्या पेशी असतात मध्यमेंदूत. हो, तोच ‘मिडब्रेन’, जो ‘ॲक्टिव्हेट’ करून देण्याच्या शिबिरांच्या जाहिराती आपल्याकडेही लागतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं ते पट्टीखालच्या नाकाजवळच्या फटीतून; त्यात मध्यमेंदूचा काही पराक्रम नाही. तो जन्मापासून ‘ॲक्टिव्हेट’च असतो आणि त्याचं खरं काम त्या चमत्कारापेक्षा किती तरी रंजक आहे. माकडांवरच्या प्रयोगांतून शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं (१९९७ चा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे) की अनपेक्षित बक्षीस मिळालं की या पेशी जोरात पेटतात, अपेक्षित बक्षीस मिळालं तर शांत राहतात, आणि अपेक्षित असून मिळालं नाही तर त्यांचा नेहमीचा संथ ठेका क्षणभर थांबतो. म्हणजे ही नोंद बक्षिसाची नाही, अपेक्षेतल्या चुकीची आहे. आता बघा, या पेशींचा नेहमीचा ठेकाच सेकंदाला काही मोजके ठोके एवढा. वाढायला भरपूर वाव, पण घटून घटून शून्याच्या खाली जाता येत नाही. टेकनमध्ये बसल्यावर लाथ खाल्ली की ‘बसणं फसलं’ ही नोंद होते, पण जुना धडा पुसून जात नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांपासून हे दिसत आलं आहे: विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परत येतो. नवं शिकणं जुन्यावर चढतं.

मग एका गेममधलं काहीच दुसऱ्यात येत नाही का? येतं, पुष्कळ येतं. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच म्हटलं होतं की दोन कामांत जेवढे घटक समान, तेवढंच कौशल्य एकातून दुसऱ्यात जातं. ‘मेंदू तल्लख करणाऱ्या’ ॲपवाल्यांना हे पटत नाही. ल्युमोसिटी या अशाच ॲपच्या कंपनीला अशा दाव्यांपायी २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले. फायटिंग गेममध्ये समान घटक खरोखरच खूप आहेत: अंतराचा अंदाज, समोरच्याचा वार हुकला की शिक्षा देणं, त्याच्या लकबी ओळखणं. सॉनिकफॉक्स या नावाने खेळणाऱ्या अमेरिकन खेळाडूने इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत मॉर्टल कॉम्बॅट एक्स, ड्रॅगन बॉल फायटर्झ आणि मॉर्टल कॉम्बॅट ११ अशी तिन्हींची विजेतेपदं मिळवली आहेत. आणि यांत अडवायची रीतही एक नाही: मॉर्टल कॉम्बॅटमध्ये अडवायला वेगळं बटण असतं, ड्रॅगन बॉलमध्ये मागे धरायचं.

मानसशास्त्रज्ञ ऑसगुडने १९४९ मध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली: प्रसंग तोच आणि प्रतिसाद मात्र वेगळा हवा असेल, तिथे अडथळा सर्वांत जास्त. म्हणून कॅरमचा चॅम्पियन टेकनमध्ये फक्त नवशिका ठरतो, आणि स्ट्रीट फायटरचा चॅम्पियन काही बाबतींत नवशिक्याहून वाईट. त्या शाळकरी मुलाला विसरायचं काहीच नव्हतं.

सरावाबद्दल दोन गोष्टी खात्रीने सांगता येतात. शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की एकच हालचाल लागोपाठ घोटली तर सरावात कामगिरी छान दिसते, पण क्रम सरमिसळ ठेवून केलेला सराव नंतर जास्त टिकतो. टेकन ८ च्या सराव विभागात समोरच्या पैलवानाच्या चाली रेकॉर्ड करून त्या हव्या तशा उलटसुलट क्रमाने वाजवता येतात. एक मिड आणि एक जोरदार खालचा वार रेकॉर्ड करायचा आणि कुठला कधी येईल ते यंत्रावर सोडायचं.

दुसरी गोष्ट हॉवर्ड, वोल्पर्ट आणि फ्रँकलिन यांच्या २०१५ च्या प्रयोगातली आहे. एकमेकींच्या विरुद्ध अशा दोन हालचाली एकाच हाताला शिकवायच्या असतील, तर त्यांच्या पुढे जोडलेली हालचाल वेगवेगळी ठेवली की मेंदू त्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. हे प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या दांडीवर दिसलं आहे, गेमच्या पॅडवर नाही, पण करून बघायला खर्च शून्य. नुसतं उभं राहून अडवण्याचा सराव करायचा नाही. अडवलं की लगेच टेकनमधलाच प्रतिवार जोडायचा, आणि दोन्ही मिळून एकच चाल म्हणून घोटायची. पहिले काही दिवस यात सपाटून मार बसेल. शिया आणि मॉर्गन यांच्या सरमिसळ गटाचीही सुरुवात अशीच रडतखडत झाली होती.