कानांचं एकमत आणि कानांची चूक

‘तो गे असणार, बोलण्यावरूनच कळतं’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक जगभर भेटतात. त्यांचा हा दावा भाषाशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं तपासत आहेत.

1994 साली रुडॉल्फ गॉडिओ यांनी अमेरिकेत चार गे आणि चार भिन्नलैंगिक पुरुषांकडून उतारे वाचून घेतले आणि ती ध्वनिमुद्रणं 13 जणांना ऐकवली. अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले. पण ते कशाच्या आधारावर, हे काही उलगडेना. गे पुरुषांचा आवाज बोलताना जास्त वर-खाली होतो, अशी सर्वसाधारण समजूत. प्रत्यक्ष मोजल्यावर दोन्ही गटांच्या चढउतारांत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. अर्थात आठ माणसांच्या आवाजावरून फार काही ठरवूही नये.

मग लक्ष सुट्या ध्वनींकडे वळलं. त्यात सगळ्यात जास्त भाव मिळाला तो ‘स’ला. ‘स’ लांबवत म्हणा आणि न थांबता ‘श’कडे जा. जीभ मागे सरकते, दातांमागची पोकळी वाढते आणि फुसकाऱ्याची पट्टी खाली उतरते. उलट जीभ जितकी पुढे, तितका ‘स’ टोकदार. स्यू एलन लिनव्हिल यांच्या 1998 च्या अभ्यासात गे पुरुषांचा ‘स’ सरासरीने अधिक लांब आणि अधिक उंच पट्टीचा आढळला, आणि असा ‘स’ ऐकला की श्रोतेही बोलणाऱ्याला गे समजत होते. म्हणजे ‘त्यांना स नीट म्हणता येत नाही’ ही टिंगल साफ चुकीची. असलाच तर हा ‘स’ जास्त स्पष्ट आहे. गंमत म्हणजे ‘स’ची बरीचशी ऊर्जा 4000 हर्ट्झच्या वर असते आणि जुन्या पद्धतीचा टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचवतो. फोनवर ऐकून पैज लावणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं.

स्वरांचा अभ्यास जेनेट पिएरहम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये केला, तोही 103 जणांना घेऊन. गे पुरुषांचे स्वर एकमेकांपासून अधिक सुटे, अधिक ठसठशीत निघाले. लेस्बियन आणि उभयलैंगिक स्त्रियांच्या एक-दोन स्वरांतही थोडा फरक दिसला. पण एकूण स्वर विरुद्ध लिंगाच्या वळणावर गेलेले नव्हते. त्यामुळे ‘बायकी आवाज’ हे लेबल इथे लागू पडत नाही, आणि हे सगळं जन्मजात शरीररचनेतून आपोआप येतं हा तर्कही लंगडा पडतो. माणूस बोलणं आसपासच्यांकडून उचलतो. कुणाकडून उचलायचं याची निवडही नकळत करतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, चला, काहीतरी कळतं तर! पण हे सगळे सरासरीतले फरक आहेत, आणि दोन्ही गटांचे आवाज एकमेकांत भरपूर मिसळलेले असतात. शिवाय प्रयोगात गे आणि भिन्नलैंगिक बहुतेकदा निम्मे-निम्मे घेतात. बाहेरच्या जगात तसं नसतं. समजा, 1000 पुरुषांत 50 गे आहेत आणि तुमचा कान 80 टक्के अचूक आहे, जे खरं तर फारच उदार गृहीतक झालं. 50 पैकी 40 तुम्ही बरोबर ओळखाल. पण उरलेल्या 950 पैकी 190 जणांवरही तोच शिक्का माराल. तुम्ही ‘गे’ ठरवलेल्या 230 जणांपैकी 190 चूक, म्हणजे दर सहांत जवळपास पाच!

आणि 80 टक्के तरी कुठून आणायचे? 2015 मध्ये सिमोने सुलपिझिओ, फाबिओ फासोली आणि सहकाऱ्यांनी इटालियन आणि जर्मन श्रोत्यांवर पाच प्रयोग केले. ना स्वतःच्या भाषेतल्या, ना परक्या भाषेतल्या पुरुषांचा लैंगिक कल त्यांना नीट ओळखता आला. मला या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते: श्रोते चुकत होते, पण एकसारखेच चुकत होते. काही आवाज बहुतेकांना गे वाटत होते आणि काही भिन्नलैंगिक, मग बोलणारा खरा कुणी का असेना. ‘सगळ्यांनाच तसं वाटतं’ हा पुरावा म्हणून पुढे केला जातो, तो इथेच फसतो. सगळ्यांच्या डोक्यात साचा एकच असेल, तर उत्तरही एकच येणार.

फासोली आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये या साच्याचे परिणामही तपासले. नेतृत्वाच्या पदासाठी उमेदवारांचे आवाज ऐकवले, तेव्हा ‘गे वाटणारा’ आवाज त्या पदासाठी कमी योग्य ठरवला गेला. भिन्नलैंगिक वाटणाऱ्याला पसंती मिळाली आणि जास्त पगार मिळण्याची शक्यताही. यात उमेदवाराचा खरा कल काय, हा प्रश्नच येत नाही. टोकदार ‘स’ म्हणणाऱ्या भिन्नलैंगिक पुरुषालाही तोच फटका बसू शकतो.