‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’: एकसारखे भासणारे दोन नकार

लिनक्सवर गेम बनवताना टर्मिनलमध्ये हे दोन इशारे वारंवार दिसतात आणि दोन्हींचा अर्थ ‘परवानगी नाही’ असाच धरून बहुतेक जण सूडोकडे, म्हणजे पूर्ण अधिकार असलेल्या ‘रूट’ खात्याच्या नावाने आज्ञा चालवण्याच्या सोयीकडे, वळतात. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या लेखी मात्र ते वेगळे आहेत: पहिल्याचा त्रुटी क्रमांक १३, तर दुसऱ्याचा १.

‘परमिशन डिनाइड’ हा नकार बहुधा फाइलच्या किंवा तिच्यापर्यंत नेणाऱ्या एखाद्या फोल्डरच्या परवान्यांमुळे मिळतो. डाउनलोड केलेल्या इंजिनाच्या फाइलला चालवण्याची परवानगी नसेल, तर परवाने बदलणारी ‘सीएचमोड यू+एक्स’ ही आज्ञा पुरते. ती परवानगी असूनही नकार येत असेल, तर ते ड्राइव्ह ‘नोएक्झेक’ (इथल्या फाइली चालवू देऊ नयेत) या पर्यायासह माउंट झाले, म्हणजे सिस्टिमला जोडले गेले, आहे का, हे ‘फाइंडएमएनटी’ने पाहावे, तिथे सीएचमोड कितीही वेळा चालवले तरी उपयोग होत नाही.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’मध्ये आक्षेप त्या कृतीलाच असतो. फाइलचे परवाने बदलण्याचा अधिकार तिच्या मालकाला आणि रूटला आहे. फाइल दुसऱ्याच्या हाती सोपवणे तर सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या फाइलबाबतही जमत नाही. ‘सीएचअ‍ॅटर’ या फाइलच्या खुणा ठरवणाऱ्या आज्ञेने अपरिवर्तनीय केलेली फाइल, ती खूण काढेपर्यंत, रूटलाही बदलता येत नाही.

खरा गोंधळ होतो तो दोन्ही इशारे पाठोपाठ आल्यावर. समजा, गोदो ४ या गेम इंजिनाचा एडिटर एकदा सूडोने उघडला. त्या वेळी प्रोजेक्टच्या ‘.गोदो’ फोल्डरमध्ये तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, आणि पुढच्या वेळी नेहमीच्या खात्यातून एडिटर उघडला की तिथे लिहिताना पहिला इशारा येतो. मग ‘सीएचमोड ७७७’ (सर्वांना सर्व परवाने) करून पाहिले की दुसरा येतो. हा नवा बिघाड नव्हे. फाइल आपल्या मालकीची नाही, हे पहिल्या इशाऱ्याने न सांगितलेले कारण दुसऱ्याने सांगितलेले असते, आणि म्हणूनच तो घाईने पुसून टाकू नये असे मला कळकळीने वाटते. ‘एलएस -एल’ने मालकाचे नाव पाहावे आणि मालक बदलणाऱ्या ‘सूडो सीएचओन -आर’ने (यातला आर मोठ्या लिपीतला) केवळ त्या प्रोजेक्टच्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी, संपूर्ण होम फोल्डरची किंवा सिस्टिमच्या फोल्डरांची नव्हे. त्यानंतर एडिटर सूडोशिवाय उघडावा. अन्यथा त्याच फाइली पुन्हा रूटच्या नावे तयार होतील.