रोटकोल की ब्लाउक्राउट?

आपल्या बाजारात ‘लाल कोबी’ म्हणून मिळणारा गड्डा खरं तर जांभळा असतो. जर्मनीतही त्याच्या रंगावर एकमत नाही. उत्तरेत तो ‘रोटकोल’, म्हणजे तांबडा कोबी. दक्षिणेत बव्हेरियाकडे ‘ब्लाउक्राउट’, म्हणजे निळा. यातला ‘कोल’ लॅटिन ‘काउलिस’वरून आला. पोर्तुगीज ‘कोव्ह’ही त्याच शब्दातून निघाला आणि आपला ‘कोबी’ पोर्तुगीजांकडूनच आला असं मानतात.

रंगाचं गुपित अँथोसायनिन या रंगद्रव्यात आहे. आंबट लागलं की ते लाल होतं, सोड्यासारखं काही लागलं की निळं. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग चढतो, तशातलाच हा प्रकार. या कोबीची भाजी करताना उत्तरेत व्हिनेगर आणि आंबट सफरचंद सढळ हातानं घालतात. दक्षिणेत आंबट बेताचं, म्हणून भाजी निळसरच राहते.

बारीक चिरलेला कोबी कांद्यासोबत हंसाच्या (‘गूज’च्या) चरबीत परतताना मळकट निळा दिसू लागतो. व्हिनेगर पडलं की बघता बघता किरमिजी होतो. मग लवंगा, तमालपत्रासारखं लॉरेलचं पान, सफरचंदाच्या फोडी, थोडी साखर घालून झाकण ठेवायचं आणि तासभर तरी मंद आचेवर शिजू द्यायचं. दुसऱ्या दिवशी गरम केलेली भाजी जास्त मुरलेली लागते, म्हणून सणाच्या आदल्या दिवशीच ती करून ठेवणारी घरं पुष्कळ.

सणाशी नातं जडलं ते हिवाळ्यामुळे. घट्ट गड्डे थंड तळघरात महिनोन्‌महिने टिकतात. शेतात हिरवं काही उरलेलं नसताना हीच भाजी हाताशी असे. 11 नोव्हेंबरचा सेंट मार्टिनचा दिवस आणि नाताळ, दोन्हीला हंस भाजतात. ते मांस फार तेलकट, त्याला आंबटगोड जोड हवीच. उत्तर समुद्राकाठच्या डिथमार्शनमध्ये 1889 च्या सुमारास कोबीची शेती रुजली आणि आज तो मुलूख कोबीसाठीच ओळखला जातो.

पोषणाचं म्हणाल तर 100 ग्रॅम कच्च्या लाल कोबीत सुमारे 57 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, पांढऱ्यात 37 च्या आसपास. इतका वेळ शिजवल्यावर त्यातलं बरंच जातं, हे मान्य करायलाच हवं. चरबी आणि साखरही जमेस धरावी लागते. पण तंतू टिकतात आणि पाणी ओतून देत नसल्यामुळे त्यात उतरलेलं सत्त्व ताटातच येतं. तो लाल रस सोबत वाढलेल्या बटाट्याच्या गोळ्यांना लावून शेवटपर्यंत पुसून खातात.