लॉरीची रोजची तपासणी आणि डिफेक्ट बुक : ब्रिटनमध्ये अर्ज कुठे अडतो

इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये साडेतीन टनांवरची मालगाडी धंद्यासाठी चालवायची तर ऑपरेटर लायसन्स लागतं. स्वतःच्याच दुकानाचे तांदूळ वाहत असाल तरी लागतं, फक्त तेव्हा 'रिस्ट्रिक्टेड' पुरतं. अर्ज ऑनलाइन होतो. या अर्जाची स्थानिक वर्तमानपत्रातली जाहिरात अर्जाच्या तारखेच्या २१ दिवस आधीपासून २१ दिवस नंतरपर्यंतच छापून आलेली हवी; एक दिवस इकडेतिकडे झाला तरी ती धरत नाहीत.

खरी गोम पुढे आहे. अर्जात तुम्ही लिहून देता की ड्रायव्हर गाडीतले दोष ताबडतोब लेखी कळवतील आणि त्या नोंदी १५ महिने जपल्या जातील. सही करताना हे कोणी वाचत नाही. पुढे डीव्हीएसएचा (गाड्या तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) तपासनीस डिफेक्ट बुक, म्हणजे या दोषांच्या नोंदींची वही मागतो, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी ड्रायव्हरने तिच्याभोवती फिरून तपासणी करायची: आरसे, काच, वायपर, दिवे, टायर, चाकांचे नट, हवेच्या नळ्या, गळती, ट्रेलरची जोडणी, नंबर प्लेट. गाडी वापरात असेल तर २४ तासांत किमान एकदा. दिवसात ट्रेलर बदलला तर त्याचीही. टायरच्या नक्षीची मर्यादा लॉरीला १ मिलिमीटर आणि कारला १.६ आहे, पण गोटा व्हायला आलेला टायर '१ च्या वर आहे' म्हणून चालवू नका, बाबांनो.

१५ महिन्यांचा घोळ असा. हा नियम दोष सापडलेल्या नोंदींना आहे. 'सगळं ठीक' अशी निल नोंद करणं चांगली पद्धत, पण ती पुढच्या ठरावीक वर्कशॉप तपासणीपर्यंत ठेवली तरी भागतं. आपली मंडळी नेमकं उलटं करतात: निल पानांचे गठ्ठे बांधून ठेवतात आणि 'काम झालं' म्हणून दोषाचं पान फेकतात. मुदत त्या-त्या नोंदीपासून मोजायची. ३१ डिसेंबरला कपाट साफ करायचं नाही.

दुसरी अडचण अर्ध्या पानाची. वर ड्रायव्हरने लिहिलेलं असतं, 'मागचा डावा इंडिकेटर बंद'. खालचा दुरुस्तीचा रकाना कोरा. बल्ब पाच मिनिटांत बदललेला असतो, पण कोणी आणि कधी, याचा पत्ता नाही. मग साहेब म्हणणार, गाडी तशीच गेली. 'बल्ब बदलला', तारीख, सही, एवढंच हवं. ड्रायव्हरने स्वतः बदलला तरी लिहायचं.

एकट्या मालक-ड्रायव्हरचा प्रश्न ठरलेला: 'मी कळवू कोणाला, आरशाला?' कोणालाही कळवू नका, पण लिहा आणि १५ महिने ठेवा. तपासनीसाला नोंद दिसली पाहिजे. एजन्सीचा ड्रायव्हर किंवा भाड्याची गाडी असली तरी जबाबदारी लायसन्सधारकाचीच.

आणि टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हर कधी गाडी चालवतो, काम करतो, विश्रांती घेतो हे नोंदवणारं गाडीतलं यंत्र, विसरू नका. तपासणी हे काम आहे, म्हणून तेव्हा टॅकोग्राफ दोन हातोड्यांच्या चिन्हावर हवा. बुकात 'सकाळी ६ वाजता, सगळं ठीक' आणि टॅकोग्राफवर ६ वाजून १ मिनिटाला गाडी चालू, असं दिसलं तर ते पान तुमच्याच विरोधात जातं. त्याच दिवशी रस्त्यात सैल नट सापडून गाडी जागेवर रोखली, तर मग ट्रॅफिक कमिशनरपुढे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या आणि काढून घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, उभं राहायची वेळ येते. तिथे सही खरी असून उपयोग नसतो.

ॲपवर नोंद केलेली चालते, कागदच हवा असं नाही. मात्र नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये आणि मागितली की दाखवता यावी. ड्रायव्हरच्या फोनमध्येच सगळं ठेवलं, तो नोकरी सोडून गेला आणि नोंदीही गेल्या, हे मी दोनदा पाहिलंय. दर आठवड्याला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.