पावसाचे पाणी जिरवणाऱ्या घरांना मालमत्ता करात सवलत : नागपुरात अर्ज करताना

जुलै 2019 मध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह धरणातला उपयुक्त साठा संपत आला आणि नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पेंच आणि कन्हान या नद्यांवर अवलंबून असलेल्या शहराला ती आठवण अजून पुरते. गच्चीवर पडणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या घरमालकाला मालमत्ता करात सवलत देण्यामागचा हेतूही तोच आहे की, धरणावरचा भार थोडा तरी घरोघरी वाटला जावा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. नागपुरात वर्षाला साधारण एक हजार मिलीमीटर पाऊस होतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवरून, वाया जाणारा पाचवा हिस्सा सोडला, तरी जवळपास 80 हजार लिटर पाणी मिळू शकते.

अर्ज करण्यापूर्वी आपले घर ऐच्छिक गटात मोडते की बंधनकारक, हे पाहावे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास जलसंधारणाची व्यवस्था करणे बंधनकारक आहे, आणि ती केली नाही किंवा नादुरुस्त ठेवली तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. दीड हजार चौरस फुटांचा भूखंड, म्हणजे सुमारे 139 चौरस मीटर, या बंधनात येत नाही. अशा घरमालकाने स्वेच्छेने पुढे यावे, यासाठीच सवलतीचे आकर्षण आहे. अपार्टमेंटमध्ये सदनिकाधारकाने एकट्याने अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही, कारण गच्ची सामायिक असते. तेथे संस्थेच्या सभेत ठराव करून अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीने अर्ज जावा आणि सर्व सदनिकांचे इंडेक्स क्रमांक, म्हणजे मालमत्ता करासाठी प्रत्येक मालमत्तेला दिलेले क्रमांक, एकाच यादीत द्यावेत.

आता कामाविषयी, कारण बहुतेक अर्ज कागदांपेक्षा कामातच अडकतात. गच्चीचा पाइप गडरलाइनला, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीला, जोडलेला असेल आणि शेजारी नुसता शोभेचा खड्डा असेल, तर ती व्यवस्था मान्य होण्याची अपेक्षा ठेवू नये. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ते पाणी बाहेर सोडून देणारा व्हॉल्व्ह असावा, त्यानंतरचे पाणी गिट्टी, रेती आणि जाळी असलेल्या गाळणीतून जावे आणि मगच ते विहिरीत, बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात उतरावे. घरात जुनी विहीर असेल तर तिच्यासारखी स्वस्त सोय नाही. महाल आणि इतवारीतल्या वाड्यांनी तर आधी तिचाच विचार करावा. शोषखड्डा घेताना वरची काळी माती पूर्ण पार करून मुरमापर्यंत जावे लागते, कारण काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही. पश्चिम नागपुरात खाली बेसॉल्टचा खडक लागतो, म्हणून तेथे उथळ खड्ड्यापेक्षा बोअरचे पुनर्भरण अधिक उपयोगी ठरते. बोअरमध्ये न गाळलेले पाणी मात्र कधीही सोडू नये. त्याने आपलेच नव्हे, शेजाऱ्यांचेही पाणी बिघडते.

आमच्या घरी खड्डा भरण्याच्या घाईत आम्ही एकही छायाचित्र काढले नव्हते. पाहणीच्या दिवशी वर दिसत होते फक्त सिमेंटचे झाकण आणि पाइपचे टोक, त्यामुळे झाकण काढून वरची रेती हाताने बाजूला करावी लागली, तेव्हा कुठे गिट्टीचा थर दाखवता आला. म्हणून रिकामा खड्डा, प्रत्येक थर भरताना आणि शेवटी जोडणी, अशी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. एकात मोजपट्टी आणि घराचा दर्शनी भाग दिसला पाहिजे.

अर्ज आपल्या झोन कार्यालयाच्या मालमत्ता कर विभागात करावा. महापालिकेचे दहा झोन आहेत आणि आपला झोन कर देयकावरच छापलेला असतो. अर्जात मालकाचे नाव, पत्ता, इंडेक्स क्रमांक, गच्चीचे क्षेत्रफळ, पाणी कोठे मुरते आणि काम कधी पूर्ण झाले, एवढे स्पष्ट लिहावे. सोबत चालू वर्षाचे कर देयक आणि भरणा पावती, आधार कार्डाची प्रत, मालकीचा पुरावा म्हणून आखीव पत्रिका किंवा विक्रीपत्र, मंजूर नकाशा, छायाचित्रे, साहित्याची आणि मजुरीची बिले, पाइपांचा साधा आराखडा आणि परवानाधारक प्लंबरचे किंवा वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र जोडावे. नागपूर सुधार प्रन्यासने नियमित केलेल्या अभिन्यासातील (लेआउटमधील) घर असेल, तर भूखंड नियमित झाल्याचे आरएल पत्रही हाताशी ठेवावे. देयकावर वडिलांचे किंवा आधीच्या मालकाचे नाव असेल तर नामांतर आधी करून घ्यावे. थकबाकीही आधीच भरून टाकावी.

सर्व कागदांच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नये. त्यानंतर जागेची पाहणी होते. त्या दिवशी घरी कोणीतरी असावे आणि गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते खड्ड्यात उतरते हे दाखवता यावे.

सवलतीची टक्केवारी महापालिकेच्या ठरावाने ठरते, त्यामुळे अर्ज करताना चालू वर्षाचा दर झोन कार्यालयातच विचारून घ्यावा. पुण्यात एका पर्यावरणपूरक प्रकल्पाला 5 टक्के आणि दोन किंवा अधिकांना 10 टक्के सवलत सामान्य करात मिळते. सामान्य कर हा देयकाचा एक भाग असतो. शासनाचा शिक्षण कर महापालिका केवळ वसूल करते. म्हणून पूर्ण देयकावर टक्केवारी लावून हिशेब करू नये. सामान्य कर 6,000 रुपये आणि सवलत 5 टक्के असेल, तर वर्षाला 300 रुपये वाचतात. खड्ड्याचा खर्च एवढ्यातून निघणार नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. खरी कमाई एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी टिकण्यात आणि टँकरसाठी धावाधाव न करण्यात आहे. नकाशा मंजुरीच्या वेळी जलसंधारणासाठी अनामत भरली असेल, तर तिची पावती मात्र जरूर शोधावी आणि ती परत मिळवण्यासाठी नगररचना विभागाकडे वेगळा अर्ज करावा, कारण ही रक्कम सवलतीपेक्षा मोठी असू शकते.

काम मेअखेरपर्यंत उरकावे, कारण पावसाला नागपुरात जूनच्या मध्यावर सुरुवात होते आणि ओल्या काळ्या मातीत खोदकाम करणे कठीण जाते. अर्जावर बराच काळ काही कळले नाही तर आवक क्रमांक देऊन लेखी स्मरणपत्र द्यावे, आणि तेही निष्फळ ठरले तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 अन्वये आपल्या अर्जावरील कार्यवाहीची माहिती मागवावी. तिला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. सवलत मंजूर झाल्यावर पुढच्या वर्षीच्या देयकात ती वजा झाली आहे का, हे पाहावे आणि दर मे महिन्यात गाळणीतली वरची रेती धुऊन किंवा बदलून त्याचेही एक छायाचित्र त्याच फाइलमध्ये लावून ठेवावे.